मनाची परिभाषा आणि इंग्रजीचे अध्ययन : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनाचा इतिहास लिहिताना सामान्यतः शासकीय धोरणे, शिक्षणसंस्थांची स्थापना आणि पाठ्यपुस्तके यांचा विचार केला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु विद्यार्थी परकी भाषा शिकू लागतो तेव्हा तो केवळ वस्तूंची नवी नावे शिकत नाही. राग, भीती, आठवण, इच्छा, शंका, निश्चय या आपल्या अंतरंगातील व्यापारांनाही त्याला नवी नावे आणि नवी वाक्यरचना शोधावी लागते. टेबलाला इंग्रजीत काय म्हणतात हे एका दिवसात कळते. ‘मला कसेसेच वाटते’ हे इंग्रजीत कसे सांगावे हे पदवी मिळाल्यावरही कळत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या अध्ययनाकडे इतिहासलेखनाचे आणि अध्यापनशास्त्राचेही लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

प्रस्तुत निबंधात ‘मन’ या विषयसूत्राच्या आधारे मराठी भाषकाच्या इंग्रजी व्याकरणाच्या व शब्दसंपत्तीच्या अध्ययनाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ठाणे, कल्याण व डोंबिवली हा परिसर निवडण्यामागे विशेष कारण आहे. मराठी बोलण्यात ‘ठाणे’ या गावाच्या नावालाच एकेकाळी मनाच्या आजाराचा अर्थ चिकटला होता, आणि याच गावात पुढे मनाच्या आरोग्याची नवी मराठी परिभाषा रुजली. भाषेचा आणि मनाचा असा दुहेरी इतिहास लाभलेले गाव महाराष्ट्रात विरळाच म्हणावे लागेल.

द्विभाषिक पायाभरणी

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पृष्ठावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जात असे. एकच आशय दोन भाषांत समोरासमोर ठेवून वाचण्याची ही पद्धत मराठी माणसाच्या इंग्रजी अध्ययनाची पहिली सार्वजनिक शाळा होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला होता. १८४७ मध्ये मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला आणि १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. या कोशातील ‘मन’ ही नोंद आजही अभ्यासण्यासारखी आहे. तेथे केवळ प्रतिशब्द देऊन कोशकार थांबत नाही; मन या शब्दाभोवती मराठीने गुंफलेल्या वाक्प्रचारांची मालिकाच तो मांडतो. मराठीत मन ही एकटी राहणारी संज्ञा नसून ती क्रियापदांच्या संगतीत अर्थ धारण करते, हे त्यावरून ध्यानात येते.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीपुढे इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता, तर विभक्तींची चौकट संस्कृतातून आली होती. म्हणजे मराठी भाषेचे शालेय व्याकरणच दोन परक्या साच्यांच्या आधाराने उभे राहिले. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथाने मराठीच्या स्वतंत्र प्रकृतीची सविस्तर चिकित्सा केली. तथापि वर्गातील अध्यापनात ‘इंग्रजीतील कर्ता म्हणजे मराठीतील कर्ता’ हे सोपे समीकरणच रूढ राहिले. या समीकरणाचा सर्वांत मोठा फटका मनाच्या क्रियापदांना बसला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत रेल्वे धावू लागली, तेव्हा हा परिसर मुंबईच्या कचेऱ्यांशी जोडला गेला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र १८६६ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इंग्रजी ही नोकरीची भाषा आणि मराठी ही वाचनाची, घराची व मनाची भाषा, अशी वाटणी या परिसरात रेल्वेच्या रुळांइतकीच समांतर होत गेली. कचेरीतील इंग्रजीत अर्ज, हिशेब आणि हुकूम यांची शब्दसंपत्ती भरपूर होती; मनाला तेथे जागा नव्हती.

‘मला वाटते’चे व्याकरण

मराठीत मनाच्या बहुसंख्य व्यापारांचा अनुभव घेणारी व्यक्ती प्रथमेत येत नाही. ‘मला वाटते’, ‘मला आठवते’, ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटते’, ‘मला कंटाळा आला’ या सर्व वाक्यांत अनुभव घेणारा ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात उभा असतो. राग येतो, आठवण होते, शंका चाटून जाते. मन हे जणू घर आहे आणि भावना ही त्या घरी येणारी पाहुणी आहे. इंग्रजीत मात्र ‘आय थिंक’, ‘आय रिमेंबर’, ‘आय फिअर’ अशा रचनांत अनुभव घेणारा थेट कर्त्याच्या जागी येऊन बसतो. मराठी विद्यार्थ्याला ही उडी एकदम मारावी लागते. ‘टू मी अँगर केम’ असे वाक्य एखाद्या वहीत आढळले की आपण त्याला हसतो. परंतु ते वाक्य अज्ञानाचे नसून मातृभाषेच्या निष्ठेचे आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

दुसरी अडचण काळाची आहे. ‘मला समजते आहे’, ‘मला आता आठवत आहे’ ही मराठी वाक्ये निर्दोष आहेत. इंग्रजीत मात्र जाणणे, समजणे, मानणे, हवे असणे या अर्थाची क्रियापदे सामान्यतः अपूर्ण काळात वापरली जात नाहीत. म्हणून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे वाक्य आपल्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहे. नियम पाठ करून घेतल्याने ते जात नाही. कृती आणि मनाची स्थिती यांतील भेद इंग्रजी कसा पाळते हे समजावल्यास मात्र विद्यार्थी स्वतःहून थांबतो. ‘थिंक’ या एकाच क्रियापदाचे दोन प्रयोग त्यासाठी पुरेसे आहेत : मत सांगताना ‘आय थिंक’ आणि विचार करीत बसलेलो असताना ‘आय ॲम थिंकिंग’. मराठीनेही येथे भेद केलेलाच आहे. पहिल्या ठिकाणी ‘मला वाटते’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मी विचार करतो आहे’. चतुर्थी आणि प्रथमा यांतील हा मराठी भेद इंग्रजी काळाची किल्ली ठरतो. मातृभाषेचे व्याकरण येथे अडथळा न होता साहाय्यक होते.

तिसरी बाब शब्दयोगी अव्ययांची. मराठीत आपण मनात आणतो, मनावर घेतो, मनातून उतरतो. इंग्रजीतही ‘इन माइंड’, ‘ऑन माय माइंड’, ‘आउट ऑफ माइंड’ असे प्रयोग आहेत. दोन्ही भाषांनी मनाची कल्पना एखाद्या जागेसारखी केली आहे. परंतु साम्य दिसते तेथेच फसगत होते. ‘मनावर घेणे’ म्हणजे निश्चयाने कामाला लागणे. इंग्रजीत एखादी गोष्ट ‘ऑन माय माइंड’ असणे म्हणजे तिची चिंता वाहणे. ‘मनातून उतरणे’ हे व्यक्तीविषयीच्या आदराशी निगडित आहे; ‘आउट ऑफ माइंड’ हे विस्मरणाशी, आणि मध्ये ‘माय’, ‘हिज’ असे सर्वनाम आले की थेट वेडाशी. अशा जोड्या समोरासमोर मांडल्यास शब्दयोगी अव्यये, स्वामित्वदर्शक सर्वनामे आणि वाक्प्रचार हे तिन्ही घटक एका तासात शिकविता येतात.

मन आणि माइंड

येथे शब्दांच्या कुळाचा थोडा विचार करणे उचित ठरेल. संस्कृतातील ‘मनस्’ आणि इंग्रजीतील ‘माइंड’ हे दोन शब्द एकाच भारोपीय धातूपासून निघाले आहेत. त्याच कुळात आपल्याकडील ‘मती’ व ‘मंत्र’ आणि तिकडील ‘मेंटल’, ‘मेन्शन’, ‘मेनिया’ हे शब्द येतात. जुन्या इंग्रजीत ‘माइंड’च्या पूर्वरूपाचा एक प्रमुख अर्थ स्मरण असा होता, ‘रिमाइंड’ या शब्दात तो अद्याप टिकून आहे. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या मनाचा शब्द त्या भाषेच्या मनाच्या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे हे सांगितले, की त्याच्या चेहऱ्यावरील ताण कमी होतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

‘माइंड’ हा शब्द क्रियापद म्हणूनही येतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाआधी उपनगरी रेल्वेने शिकविले आहे. गाडीचे पायदान आणि फलाट यांमधील अंतराबाबतची सूचना मुंबईच्या उपनगरी मार्गावर मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत ऐकू येते. मराठीत ‘लक्ष’, हिंदीत ‘ध्यान’ आणि इंग्रजीत ‘माइंड’. डोंबिवलीहून प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याने ही त्रिभाषिक वाक्यत्रयी शेकडो वेळा ऐकलेली असते. ती फळ्यावर लिहून देईपर्यंत आपण व्याकरणाचा एक पाठ ऐकत होतो हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

ठाण्याचे इस्पितळ आणि कायद्याची भाषा

मनाच्या शब्दसंपत्तीचा सर्वांत गंभीर अध्याय ठाण्यातच घडला. १९०१ मध्ये ठाणे येथे मनोरुग्णालय स्थापन झाले आणि नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव त्याला देण्यात आले. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यातील अशा चार संस्थांपैकी ते एक आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘वेड्यांचे इस्पितळ’ राहिले आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रयोग विनोदात, भांडणात व शाळेच्या पटांगणात सर्रास चालू झाला. एका शहराचे नाव असे उपहासाचे साधन झाले, तेव्हा त्या उपहासाआड किती कुटुंबांनी आपल्या माणसाचा आजार लपविला असेल, याची गणना कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

या संस्थेच्या इंग्रजी नावातील शब्दांचा प्रवास उद्बोधक आहे. ‘असायलम’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ जेथे कोणी उपद्रव देऊ शकत नाही असे अभयस्थान असा. व्यवहारात तो कोंडवाड्याचा वाचक झाला. ‘लुनॅटिक’ हा शब्द लॅटिनमधील चंद्रवाचक शब्दावरून आलेला. चंद्राच्या कलांनी मन बिघडते या जुन्या समजुतीचा तो अवशेष. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भारतातील अशा संस्थांच्या नावांतून ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले. परंतु लवकरच ‘मेंटल’ हाच शब्द मराठी बोलण्यात शिवी झाला. शब्द बदलला तरी दृष्टी बदलली नाही, तर नवा शब्दही जुन्याच्या वाटेने जातो, हा धडा येथे मिळतो.

याहून महत्त्वाचा धडा कायद्याच्या व्याकरणात आहे. १९१२ च्या भारतीय कायद्यात रुग्णासाठी ‘लुनॅटिक’ हे नाम योजले होते आणि त्याच्या व्याख्येत ‘इडियट’ हा शब्दही होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘मेंटली इल पर्सन’ असा विशेषण आणि नाम यांचा प्रयोग आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, ‘पर्सन विथ मेंटल इलनेस’ अशी रचना स्वीकारण्यात आली. प्रथम आजार हेच माणसाचे नाव होते. नंतर आजार हे माणसाचे विशेषण झाले. शेवटी माणूस आधी आला आणि आजार ही त्याच्यासोबत असलेली एक गोष्ट झाली. शंभराहून अधिक वर्षांची ही वाटचाल नाम, विशेषण आणि शब्दयोगी पदबंध या तीन व्याकरणिक कोटींतून झाली आहे. मराठीतही ‘वेडा’, ‘मनोरुग्ण’ आणि ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ अशी समांतर वाटचाल दाखविता येते. पदबंधांची रचना शिकविण्यासाठी याहून अर्थपूर्ण उदाहरण मिळणे कठीण आहे.

‘च’चे ओझे : व्याकरण आणि मानसोपचार

२३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. वेड्यांच्या इस्पितळासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात मनाच्या आरोग्याविषयी खुलेपणाने, आणि मुख्य म्हणजे मराठीत, बोलण्याची परंपरा या संस्थेने रुजविली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीला कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र’ हे समर्पक मराठी नाव देऊन ती महाराष्ट्रात रुजविली होती. डॉ. नाडकर्णी यांच्या लेखन-व्याख्यानांतूनही हा विचार या परिसरातील विद्यार्थी-पालकांपर्यंत पोहोचला.

इंग्रजीच्या शिक्षकाला या पद्धतीत एक अनपेक्षित व्याकरणपाठ सापडतो. माणसाच्या मनस्तापाचे मूळ बरेचदा ‘मस्ट’ आणि ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांत, म्हणजे हट्टाग्रही मागण्यांत असते, असे एलिस यांचे प्रतिपादन होते. ‘मला प्रथम श्रेणी मिळालीच पाहिजे’ आणि ‘मला प्रथम श्रेणी मिळाली तर फार बरे होईल’ या दोन वाक्यांत मराठी भाषकाला फरक जाणवतो तो ‘च’ या एकाक्षरी अव्ययामुळे. इंग्रजीत तोच फरक ‘मस्ट’ आणि ‘वुड लाइक’ यांतून व्यक्त होतो. साहाय्यक क्रियापदांचा तक्ता आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या तक्त्यात विद्यार्थ्यांची रात्रीची झोप दडलेली असू शकते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आणखी एक उदाहरण. १९६५ मध्ये डेव्हिड बोरलँड यांनी ‘टू बी’ या क्रियापदाची सर्व रूपे टाळून लिहिण्याचा प्रयोग सुचविला, आणि १९७५ मध्ये एलिस व रॉबर्ट हार्पर यांनी आपल्या प्रसिद्ध पुस्तकाची सुधारित आवृत्ती या रीतीने लिहिली. ‘आय ॲम अ फेल्युअर’ याऐवजी ‘आय फेल्ड इन धिस एक्झाम’ असे लिहिले, की अपयश हे माणसाची ओळख न राहता एक घटना होते. मराठीत ‘मी नापास आहे’ आणि ‘मी या परीक्षेत नापास झालो’ यांत हेच अंतर आहे. ‘आहे’ आणि ‘झालो’ यांतील हा भेद नीट शिकविणे हे काळाचे व्याकरण शिकविणे आहे, तसेच ते निकालाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती एक आधार देणेही आहे.

या विवेचनाला मर्यादाही आहे. मराठीत ‘मला राग येतो’ म्हणून मराठी माणूस रागापुढे हतबल आणि इंग्रजी भाषक स्वयंपूर्ण, असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय होणार नाही. व्याकरण विचाराला वाट दाखविते. त्याला बांधून टाकीत नाही. शिवाय व्याकरणाचा तास ही मानसोपचाराची जागा घेऊ शकत नाही. ज्या विद्यार्थ्याला उपचारांची गरज आहे त्याला तज्ज्ञाकडेच पाठविले पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या दूरध्वनी सेवेला ‘टेली-मानस’ हे नाव मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांतून ‘मानस’ हा शब्द साधणारे हे नाव दोन भाषांच्या दीर्घ सहवासाचेच फलित आहे.

आजचा वर्ग

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला गेला. महाराष्ट्र राज्यात पुढे तो पाचवीपासून होऊ लागला, आणि जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, परंतु मनाची शब्दसंपत्ती वाढली काय, हा प्रश्न उरतोच. कल्याणच्या महाविद्यालयांत मुरबाड, शहापूर या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची घरची बोली आगरी, वारली वा कातकरी असते. प्रमाण मराठी हीच त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. डोंबिवली-ठाण्यातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याची स्थिती उलट. त्याला इंग्रजी शब्द येतात, पण आजीला आपले दुःख सांगण्याइतकी मराठी येत नाही. दोघांच्याही बोलण्यात मग ‘टेन्शन’, ‘मूड’, ‘डिप्रेशन’ आणि ‘बोअर’ हे चारच शब्द उरतात. काळजी, हुरहुर, उदासी, उद्वेग, खंत, चुटपुट या सगळ्या छटा एका ‘टेन्शन’मध्ये बुडून जातात. ज्या वेदनेला नाव नाही ती सांगता येत नाही, आणि जी सांगता येत नाही तिच्यासाठी मदत मागता येत नाही. येथे प्रश्न केवळ भाषेच्या गुणांचा राहत नाही.

समर्थ रामदासांचे मनाचे २०५ श्लोक एकेकाळी घरोघर पाठ केले जात. त्यांतील संबोधन मनालाच आहे. आपल्याच मनाशी बोलण्याची ही सवय हा मराठीचा जुना वारसा आहे. बहिणाबाई चौधरींनी तोच विषय शेतातल्या भाषेत मांडला. इंग्रजीच्या तासाला या वारशाची अडगळ वाटण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याजवळ मनाविषयी बोलण्याची भाषा आधीच आहे, ही जाणीव त्यातूनच देता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. मन हे विषयसूत्र घेतल्यास विभक्ती, काळ, साहाय्यक क्रियापदे, शब्दयोगी अव्यये आणि पदबंध हे इंग्रजी व्याकरणाचे प्रमुख घटक अर्थपूर्ण संदर्भात शिकविता येतात. या अध्यापनात मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करण्याऐवजी ‘दर्पण’च्या स्तंभांप्रमाणे शेजारी बसविणे लाभदायक ठरते. तसेच मनाच्या शब्दांची निवड ही नीतीची निवड असते, हे ठाण्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

म्हणून पुढील सत्रात साहाय्यक क्रियापदांचा तक्ता फळ्यावर लिहिताना प्राध्यापकांनी आणखी एक वाक्य विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे : आज मला काय वाटते आहे, ते आधी घरच्या बोलीत आणि मग इंग्रजीत. त्यात व्याकरणाच्या चुका होतील. त्या तपासण्यापूर्वी ते वाक्य वाचावे, एवढीच विनंती.